राघूच्या मापाची टोपी

प्रिय आक्का,

फोनवर तू गप्प झालीस की मी काहीतरी खोटं बोलून मोकळा होतो, म्हणून आज कागदावर लिहून राहिलो. अक्षर लागलं न्हाई तर भाऊजींकडून वाचून घे. पण शेवटचं तेवढं तू एकटीच वाच.

राजस्थानातलं ऊन आपल्या मुखेडसारखं न्हाई. दिवसभर सोलरच्या पाट्या पुसायच्या. वरून ऊन, अन् पाटीवरून उलटून तोंडावर पुन्हा तेच ऊन. रुमाल बांधून बांधून कपाळ सोललं. मग इथल्या एकानं मोबाईलवर काठाच्या टोपीचा कागदी खाका दाखवला. छापून आणायचा, कापायचा, त्यावरून कापड बेतायचं. कापड म्हणजे तुझी ओढणी, जिच्यात तू धपाटे बांधून दिले होतेस. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत सुईनं शिवत बसलो. सहा पाकळ्या जोडल्या, खाली काठ लावला. डोक्यावर घातली तर नुसती टाळूवर बसली! सगळी हसली. म्हणली, नारळाला घाल. नंतर कळलं, कागदाच्या कोपऱ्यात एक चौकोन होता, छपाई मापात आलीय का कळायला तो आधी पट्टीनं मोजून बघायचा असतो. खाली इंग्रजीत लिहिलेलं, मी कुठं वाचतो. झेरॉक्सवाल्यानं कागदात बसावं म्हणून सगळंच आखडून छापलं होतं.

उसवायला घेतली, अन् पाकिटातला तुझा दोरा आठवला. दिवाळीत राघूच्या डोक्याचं माप म्हणून पाठवला होतास, जावळाची टोपी मामानंच आणायची असती म्हणून. टोपीच्या आतून फिरवला. दोन्ही टोकं भेटली. मग उसवायचा हातच झाला न्हाई.

माझ्यापायी तू दोनदा जावळाची तारीख पुढं ढकललीस. तुझ्या सासूबाई म्हणल्या म्हणे, मामाला तारीख सांगू नका, नुसतं साल सांगा. त्या बोलणारच, अन् खोटं काय बोलल्या? पोराला तिसरं लागलंय, केस डोळ्यांवर येतात, बाजारात लोक त्याला पोरगी समजतात.

आता ते सांगतो. गेल्या खेपेला सुट्टी मिळाली न्हाई म्हणलो, ते खोटं होतं. मी नांदेड स्टेशनवर उतरलो होतो. सुरतचं काम सोडून चारच दिवस झाले होते. औशाला तुझ्या घरी आलो की बाबा सगळ्या पाहुण्यांपुढं विचारणार, आता कुठं हायस? तू तिकडं न्हावी बोलावून, पाट मांडून वाट बघत होतीस, अन् मी बाकावर अख्खी दुपार काढून उलट्या गाडीत बसलो. इथं आता सहावा महिना लागलाय. एवढा मी कुठंच टिकलो न्हाई. दमलोय, पण आता निघालो तर मुकादम परत घेणार न्हाई. म्हणून हा कागद. तिसरं सरायच्या आत जावळ उरकून घे. माझ्या जागी राघूला मांडीवर घ्यायला आपल्या चुलत्याचा रविकिरण येईल, त्याला मी सांगितलंय. माझ्यासाठी थांबू नको. टोपी सोबत हाय. दिवाळीपासून डोकं वाढलं असेल म्हणून मागची तेवढी एक शिवण उसवून नाडी लावलीय. अन् केस उतरले की लगेच नवा दोरा फिरवून पाठव. बिनकेसाचं माप खरं येतं.

तुझाच, नारळाएवढी टोपी शिवणारा,
आदिनाथ