बोलायचं काम कुणाचं

प्रिय जयदीप,

तुला लिहायचं मी मंगळवारपासून टाळतोय. रोज तुझा व्हॉइस मेसेज ऐकतो आणि उत्तर न देता चहा प्यायला खाली उतरतो. खाली उतरलं की कोणीतरी भेटतं, कुठेतरी जाणं होतं, दिवस जातो. तू मला ओळखतोसच. पण बुधवारी तुझी राजस्थानची टूरची पार्टी निघणार, मी सोबत येतो का याचं तुला आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही हवंय, म्हणून रूममेट नीरजकडून दोन कोरे कागद मागून बसलोय. लिहून झालं की फोटो काढून पाठवेन. फोनवर टाइप करायला घेतलं की एका अक्षरात उत्तर जातं, आणि मला एका अक्षरात मोकळं व्हायचं नाहीये.

कुठे बसलोय सांगू? हिंदूराव हॉस्पिटलच्या गेटसमोर, चहाच्या टपरीवरच्या बाकावर. घाबरू नकोस, कोणी आजारी नाही. इथे का ते सांगतो, पण आधी पोटातलं बोलून घेतो. मी तुझ्यावर जळतो यार. थोडाथोडका नाही, बिल्कुल चुलीतल्या लाकडासारखा. सकाळी डोळे उघडले की आधी तुझं स्टेटस बघतो. तो मरून जाकीट, छातीवर बिल्ला, हातात माइक, आणि मागे सातारा-सांगलीच्या सगळ्या मावश्या तुझ्याकडे अशा बघताहेत की जणू ताजमहाल तूच बांधलास. परवाच्या रीलमध्ये आग्र्याच्या किल्ल्यावर तू म्हणालास, 'आधी बाथरूम, मग बादशहा.' मावश्या खो खो हसल्या. जयद्या, ते वाक्य माझं आहे. हुमायूनच्या कबरीपाशी, बस उशिरा पोचली होती आणि सगळे कासावीस झाले होते तेव्हा मी म्हणालो होतो. तू तेव्हा पाण्याच्या बाटल्या वाटत होतास. मी तो रील इतक्यांदा पाहिला की शेवटी माझ्याच वाक्याला माझ्याच हाताने लाइक दिलं.

तात्यारावांनी आपलं करोलबागचं टूरचं ऑफिस बंद केलं तो दिवस आठवतो का? उरलेल्या टोप्या आपल्याला वाटून टाकल्या आणि म्हणाले, पोरांनो, माझ्याच्याने आता होत नाही. तू मला तसाच आर. के. पुरमला घरी घेऊन गेलास. काकूंनी तुला एका शब्दाने विचारलं नाही, फक्त भात वाढला, वर तूप. मी खरा तिथेच जळायला लागलो. नोकरी गेल्यावर जिथे कोणी काही विचारत नाही, असं घर असावं लागतं. सेलूला घरी मी अजून सांगितलेलं नाही. आई फोनवर म्हणते, पार्टी कुठली आहे रे आज, आणि मी तुझं स्टेटस बघून सांगतो. आज जयपूर, आई. आज पुष्कर. तुझ्या अंगावरचा उन्हाळा-हिवाळा मी माझा म्हणून आईला विकतो.

त्या दिवशी मी हात धुवायला उठलो तेव्हा तुझे बाबा, गुणवंतकाका, बाहेर काकूंना सांगत होते, की या पोराला घरातून निघताना कुठे जायचंय तेच माहीत नसतं, जयदीपला याच्या नादी लागू देऊ नकोस. मी नळ सोडून उभा राहिलो, मला ऐकू आलं नाही असं त्यांना वाटावं म्हणून. त्यानंतर मी तुमच्याकडे आलो नाही, त्याचं कारण हे. मेट्रो लांब पडते वगैरे मी उगाच म्हणत होतो.

आणि काका खोटं काय बोलले? आता तू आहेस त्या नोएडाच्या टूर कंपनीच्या मुलाखतीला आपण दोघं गेलो. तुझी डिग्री पूर्ण. माझी दुसऱ्या वर्षात अडकलेली, कारण परीक्षेला निघालो आणि ट्रकवाल्याशी गप्पा मारता मारता इंदूरला पोचलो. मॅडमनी विचारलं तेव्हा मी हे खरंखरं सांगितलं, वर इंदूरला काय खाल्लं तेही सांगितलं. त्या हसल्या, आणि घेतलं तुला.

पण मी नुसता जळत बसलोय असं समजू नकोस. नीरज, यूपीएससीवाला, त्याने माझा बायोडेटा नीट करून दिला. 'सतत भटकतो' हे त्याने 'विविध प्रदेशांचा अनुभव' असं लिहिलं. एवढी हुशारी असून तो पास का होत नाही, देव जाणे. तो बायोडेटा घेऊन मी एका कॉल सेंटरला गेलो, फर्निचरच्या शोरूमला गेलो, एका शाळेत बसबरोबर जायला माणूस हवा होता तिथे गेलो. सगळे म्हणतात, कळवतो. पहाडगंजच्या हॉटेलांत सकाळी नाश्त्याच्या वेळी जाऊन उभा राहतो. मराठी ऐकू आलं की पुढे होतो, काका, कुठून आलात, दिल्ली दाखवू का? बहुतेकांचं आधीच बुकिंग झालेलं असतं. एका पार्टीने तर मला तुझाच नंबर दिला, हा मुलगा फार छान बोलतो म्हणून.

त्या दिवशी मी पहाडगंजहून चिडून चालत सुटलो. तसाच चालत चालत या हॉस्पिटलच्या टेकडीवर आलो. एका रिक्षावाल्याला विचारलं, हा हिंदूराव कोण? तो म्हणाला, होगा कोई डॉक्टर. मला हसू आलं, मग राहवेना, म्हणून नीरजच्या पुस्तकांत शोधलं. आपला माणूस निघाला रे. कागलच्या घाटग्यांपैकी. बहीण ग्वाल्हेरची राणी, तिची सत्ता गेली तसा हाही ग्वाल्हेरहून बाहेर पडला, आणि इथे येऊन टेकडीवर बंगला घेऊन राहिला. म्हणजे आपल्यासारखाच, बसलेली जागा सुटलेला. फरक एवढाच की त्याच्याकडे पैसे होते. त्याच्यावरही मी जरा जळलोच. शेजारी अशोकाचा स्तंभ आहे, तुकडे तुकडे होऊन पडला होता, परत जोडून उभा केलाय. माकडं आहेत, जुनी विहीर आहे. मराठी पार्टी इथे कधीच येत नाही. मग मी ठरवलं, मी आणतो. दर रविवारी सकाळी, गेटपाशी, पायी फेरी. नीरजने मेसेज बनवून सगळ्या मराठी ग्रुपवर टाकला. तात्यारावांची टोपी घालून मी येऊन बसतो. अजून एकही माणूस आलेला नाही. टपरीवाला आता न विचारता चहा देतो, आणि रुग्णांचे नातेवाईक मला वॉर्डांचा रस्ता विचारतात. तो मला आता पाठ झालाय.

तर आता मुद्द्याचं. तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मला गिळता आलं नाही. 'तू सामान सांभाळ, बोलायचं मी बघतो.' चांगल्या मनानेच म्हणालास, साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकलास, मला कळतं. पण बोलणं सोडून माझ्याकडे होतं तरी काय? हे पत्र मी 'हो' म्हणायलाच घेतलं होतं. येतो, बॅगा उचलतो, माणसं मोजतो, तू माझं वाक्य म्हणशील तेव्हा मागे उभा राहून हसतो. फक्त जळत जळत येईन, एवढं तुला आधी माहीत असावं, म्हणून हा सगळा पसारा. 'हो' लिहायला पेन टेकवलं आणि समोर दोन रिक्षा थांबल्या. जयद्या, तुझे बाबा उतरले. पाठोपाठ काकू, थर्मास घेऊन, आणि तुमच्या कॉलनीतली दोन जोडपी. तो मेसेज फिरत फिरत काकूंच्या भिशीच्या ग्रुपवर गेला म्हणे. काकू म्हणाल्या, जयदीप साऱ्या जगाला फिरवतो, आम्हाला कुठे नेतो? आता ते टपरीवर चहा घेताहेत, तेवढ्यात हे लिहितोय. 'हो'ची जागा कोरी ठेवलीय, दुपारी बघू. तोवर तू जळ जरा. काकांनी माझ्या टोपीकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "काय मारुती, आज कुठे जायचंय ते माहीत आहे ना?"

तुझाच,
मारुती