भुजलीच्या घरातल्या दोन खोल्या

२२ जानेवारी १९५७, मंगळवार
आजही पगार नाही. हेडबाई म्हणाल्या, "कागद फिरून राहिलेत." फिरू देत बापडे. नोव्हेंबरपासून फिरताहेत. आम्हाला न विचारता राज्य बदललं. मध्य प्रदेशातल्या मास्तरणी होतो, मुंबई राज्यातल्या झालो. भूक तेवढी जुन्या राज्यातलीच राहिली.
मामाजी सकाळीच सुरू: "काऊन वो, तुह्या नव्या सरकारले आपला पत्ता नाही सापडला का?" सासऱ्यांची जीभ चालू आहे म्हणजे तब्येत बरी आहे. खोकला आहेच.
भुजलीला सांगितलं, याही महिन्याचं भाडं राहणार. तांदूळ पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "दे तेव्हा दे. मी का मागून राहिली?" मग सुपातले मूठभर तांदूळ माझ्याच पदरात टाकले. घरमालकीण आहे की आई, कळत नाही.

३ फेब्रुवारी, रविवार
भुजलीचा मोहन नागपूरची नोकरी सोडून कायमचा आला. येताना मिश्या घेऊन आला. विडीच्या तेंदूपानाचा धंदा करणार म्हणे. पानांचे बोद, म्हणजे भरलेली पोती, ठेवायला जागा पाहिजे, म्हणजे आमच्या दोन खोल्या. गोंदियात फुलचूरच्या वाटेवर असं मोक्याचं घर दुसरं नाही, हे त्याला आत्ता सुचलं.
संध्याकाळी दारात उभा. "बाई, भाड्याचं काय?"
बाई! लहानपणापासून मावशी म्हणायचा. माझ्या हातचं खाऊन मोठा झाला, पाढे माझ्याकडे शिकला. फार लागलं.

१४ फेब्रु.
टाइप केलेला कागद आला. पंधरा दिवसांत खोल्या खाली करा. भाडं थकलं म्हणून. खाली भुजलीचा अंगठा.
मामाजींना वाचून दाखवला. "मी का गोठ्यातला बैल हाओ, दावं सोडलं का चालला?" असं ओरडले आणि मग खोकत बसले. पाठ चोळून दिली. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "पोरगा माहा इथंच गेला वो. मी कुठं जाऊ?"
कुठं जाणार? गावच्या घरात दीर-जावांची दाटी. तिथं आम्हाला कोणी 'या' म्हणत नाही.
विहिरीवर ती आली. मी तोंड फिरवलं. तिनं मला नेहमीसारखं "सीताराम, भुजली" म्हटलं. मी उत्तर दिलं नाही. पहिल्यांदाच.

१५ फेब्रु.
रागातच शाळेत गेले. मुलींवर ओरडले. त्यांचा काय दोष?
हे गेले त्या वर्षीचं आठवलं. मी खोलीबाहेर पडत नव्हते. राखीच्या दुसऱ्या दिवशी हिनं हात धरून मला तळ्यावर नेलं. भुजली शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, सगळ्या बाया जमलेल्या. टोपलीतली गव्हाची कोवळी रोपं हिनं माझ्या कानात खोचली, मी तिच्या. "आजपासून तू मोर भुजली. तुझं नाव मी घेणार नाही, माझं तू घेऊ नको." मोर म्हणजे माझी; तिच्या डोंगरगडकडची बोली, तिकडचीच रीत. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, बाजारात लोक बघत होते, पण हिला कोणाची लाज? त्या दिवसापासून नाव घेतलेलं नाही, तिनंही आणि मीही. रोजनिशीतही नाही.
आणि तिनं अंगठा लावला.

१७ फेब्रु., रविवार
रेलटोलीतल्या वकिलांकडे गेले. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. कागद वाचून हसले. "ही नोटीस चुलीत घाला. घरभाड्याच्या कंट्रोलर साहेबांची परवानगी असल्याशिवाय घरमालकाला भाडेकरू काढता येत नाही. तसा कायदाच आहे."
माझा जीव भांड्यात पडला. लगेच म्हणाले, "पण तीन महिन्यांचं भाडं थकलं म्हणजे तो परवानगी मागू शकतो. साहेब थकबाकी भरायला मुदत देतील. मुदतीत भरलं की या कारणासाठी कोणी हलवणार नाही. आधीच्या पावत्या आणा."
पावत्या! भुजलीकडून पावती कोण मागतं? दर महिन्याला तिच्या हातावर पैसे ठेवायचे, ती कपाळाला लावायची, झालं. वकिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी सातीसाते चुकलेल्या पोरीकडे पाहते.

११ मार्च
मोहननं अर्ज केला. नावापुरता भुजलीचा, घर तिचं ना. त्यात लिहिलंय, अकरा महिन्यांचं भाडं थकलं. अकरा! खोटं बोलायलाही काही माप असतं की नाही? चारच महिन्यांचं राहिलंय. पण दाखवू काय?
मोहन बाहेर गेल्यावर कुंपणावरून झाकलेली वाटी आली. लाखोरीच्या डाळीचे वडे, मामाजींना आवडतात म्हणून. मी घेणार नव्हते. मामाजींनीच हात लांब केला. "भांडण तुमचं, वड्यानं काय बिघडवलं?"
वाटी रिकामी कशी द्यायची? चिमूटभर साखर घालून दिली. बोलले मात्र नाही.

२२ मार्च, शुक्रवार
कंट्रोलर साहेबांपुढे पेशी झाली. 
साहेब तरुण, बाहेरचे दिसले. भुजलीला विचारलं, "अर्जदार तुम्ही?" मान हलवली. "भाडेकरूचं नाव सांगा."
तिनं पदर तोंडाला लावला.
परत विचारलं. मोहन मागून कुजबुजायला लागला, तशी फाडकन वळून म्हणाली, "तूच घे ना मंग! तुह्या तोंडाले काय झालं?" कचेरी हसली.
साहेब म्हणाले, "नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे ऐकलं होतं. भाडेकरूचंही घेत नाहीत?"
"मोर भुजली ए, साहेब. नाव नइ लेवंव." घाबरली की तिला माहेरची बोली येते. कारकून इकडचाच, त्यानं साहेबांना रीत समजावून सांगितली.
साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग हिला घरातून काढायला का आलात?"
"मी नाही आली जी. पोरगा घेऊन आला."
आमच्या वकिलांनी संधी साधली. भाडं किती महिन्यांचं राहिलं? मोहन डोळे वटारून होता. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "चार. त्याच्या आधीचं सारं देल्लं तिनं. पावती? भुजलीले का कोणी पावती देते जी?"
साहेबांनी चार महिन्यांची थकबाकी भरायला महिन्याची मुदत दिली.
बाहेर आलो तर मोहन आईला तिथंच टाकून सायकलवर निघून गेलेला. रिक्षा केली. दोघी बसलो. सगळ्या रस्त्यानं मी तिला बोलले. अंगठा काऊन लावलास? विचारायचं तरी! तीही काय कमी? "वाचून कोणी दाखवलं मले? तू तर तोंड फिरवून बसली होती!" मग मी रडले, मग तीही रडली. रिक्षावाला बिचारा मागे वळून वळून बघत होता. म्हणाला, "बाई, हळू चालवू का?"

६ एप्रिल
आला! सगळा मागचा पगार एकदम. त्यात नवे पैसेही. मामाजी एक नवा पैसा डोळ्याजवळ धरून म्हणाले, "एवढासा? सरकार लहान झालं का पैसा?" थकबाकी कचेरीत भरली. पावती घेतली. शिकले एकदाची.

२६ एप्रिल, शुक्रवार
निकाल झाला. थकबाकी मुदतीत भरली, म्हणून परवानगी नाकारली. मामाजींनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना गूळ वाटला, मोहनलाही द्यायला निघाले होते. मी हाताला धरून आत आणलं.

२३ मे
मोहनचं लग्न झालं. सून तिरोड्याकडची. लाजरी, कामसू, हसली की गालाला खळी पडते. मला पाहताच पाया पडली आणि मावशी म्हणाली. तिला कोणी सांगितलं नसावं की मी बाई आहे.

१७ जून
मागे त्यांची एकच खोली. ती मुलाला-सुनेला. भुजली ओसरीवर निजते. पाऊस आला की खाट ओढत भिंतीशी नेते, तरी पायाकडून भिजतेच. "इथं हवा चांगली लागते वो," म्हणते. मला का दिसत नाही? आमच्याकडे ये म्हटलं, तर म्हणाली, पोराला कमीपणा वाटेल.
मोहन आता ओरडत नाही. काल विहिरीवर माझी घागर उचलून दिली. हे जास्त वाईट. भांडत होता तेव्हा मला राहणं सोपं होतं.

२४ जून
मोहनचा दुसरा अर्ज. तेंदूपानाचं नाव नाही. घरच्यांना राहायला जागा पाहिजे, गोंदियात दुसरं घर नाही. वकील या वेळी हसले नाहीत. "गरज खरी ठरली तर परवानगी मिळते. सगळं घरमालकिणीच्या जबाबावर आहे. ती म्हणाली, आमचं भागतं, तर अर्ज पडला. तुमचं ती ऐकते ना?"
मी कागद घडी करून पिशवीत घातला.
मामाजींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती दिवस मिळतीन?" माहीत नाही म्हटलं. भिंतीकडे तोंड करून निजले.

३० जून
सुट्टी म्हणून दुसरी जागा पाहायला गेले. गंज बाजारात एक खोली. जिना इतका उभा की मामाजी एकदा वर चढले की खाली खांद्यावरच येतील. दुसऱ्या जागी म्हातारा माणूस नको म्हणाले. परत आले तर दाराशी भुजली. "कुठं गेली होती?" भाजीला, म्हटलं. पिशवी रिकामी होती. तिनं ते पाहिलं.

७ जुलै, रविवार
उद्या पेशी.
दुपारी मामाजी निजल्यावर भुजली आली. उंबऱ्यातच बसली. मग म्हणाली, "उद्या साहेब विचारतीन, जागा पुरते का? काय सांगू?"
"मला काय विचारतेस? मी तुझी वकील आहे का?"
"खरं सांगितलं तर तू जातेस. खोटं सांगितलं तर पोरगा बायको घेऊन नागपूरले जाईन म्हणते. मले कायी समजून नाही राहिलं. तू मास्तरीण हायेस. तू जे सांगशीन ते मी सांगीन."
ओठावर आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की भागतं म्हण. आत मामाजी खोकले. बाहेर तिची खाट दिसत होती, पायाकडची सुतळी ओलसर, काळी पडलेली.
"खरं तेच सांग," मी म्हटलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली, आणि गेली.
आता जीव थाऱ्यावर नाही. मोठेपणा करून बसले, आणि आता देवाजवळ मागून राहिले की हिला उद्या खोटं बोलायची बुद्धी दे. इतक्या वर्षांत तिनं माझा एक शब्द मोडलेला नाही.