ओठांवरचा हिरवा थर

अप्पा, तुम्ही गेलात, पण तुमच्यावरचा माझा राग गेला नाही. परवा तर तो नव्याने भडकला. डहाणूच्या वाटेवरच्या एका प्रार्थनाघरात तुमचं ते चित्र दिसलं, झोपलेलं बाळ मांडीवर घेतलेल्या येशूच्या आईचं.

जव्हारला दरबारच्या नोकरीत असताना एका साहेबासाठी तुम्ही ते काढलंत. नमुना छापील होता, पण बसवलंत आईला, स्वयंपाकघराच्या खिडकीत, मांडीवर माझा धाकटा भाऊ देऊन. मी जवसाच्या तेलात रंग घोटतेय आणि तुम्ही रंगात येऊन सांगताय. निळं वस्त्र म्हणजे स्वर्ग. बाळाखालचं पांढरं कापड म्हणजे पुढे त्याला गुंडाळायचं कफन. त्याची झोप म्हणजे येणारं मरण, म्हणून हात असा गळालेला हवा.

माझा भाऊ झोपलेला नव्हता, तापाने निपचित पडला होता. आई रोज म्हणायची, "अहो, अंग भाजतंय याचं. दवाखान्यात नेऊ या ना." आणि तुम्ही कुंचला न थांबवता, "हलू नकोस. असा हात पुन्हा मिळायचा नाही." चित्रावर सही केलीत आणि मगच त्याला उचललंत. दवाखाना बाजारापलीकडेच होता, तरी उशीर झाला. आई मला घेऊन मोखाड्याला माहेरी गेली ती परतली नाही. तुम्ही मात्र मरेपर्यंत म्हणत राहिलात, "एवढं झालं असेल असं वाटलंच नाही."

साफ खोटं! कातडी कशी रंगवायची हे तुम्हीच मला शिकवलंत. आधी हिरवट थर, तो सुकला की वर पातळ गुलाबी, म्हणजे खाली रक्त वाहतंय असं वाटतं. आईच्या गालांवर गुलाबी आहे. बाळाच्या ओठांवर तुम्ही हिरव्यावरच थांबलात. विसरणारे तुम्ही नव्हतात. त्याच्या ओठांतलं रक्त गेलेलं तुम्हाला दिसलं होतं, आणि दिसलं तसं तुम्ही काढलंत.

तिथल्या झाडलोट करणाऱ्या बाईने विचारलं, "कुनी काडलंय, ठावं हाय का वं? लई लांबून लोका बगाया येतात." मला त्या चित्राला काजळी फासावीशी वाटत होती. तोंडून निघालं, "माझ्या वडिलांनी."

ते सांगताना मला तुमचा अभिमान वाटला, अप्पा. हे पत्र मी आत्ताच फाडणार आहे, आईच्या हाती लागता कामा नये.