दुसऱ्यांदा विचारताना

सर, तुमच्यावरचा राग चाळीसएक वर्षं गिळून बसले, आता नाही बसणार. बिबवेवाडीतल्या तुमच्या शिकवणीत एक नियम होता: शंका बसून एकदाच विचारायची. तीच पुन्हा विचारायची तर उभं राहायचं, आणि तास संपेपर्यंत तसंच राहायचं. मी नववीत होते. वजा गुणिले वजा अधिक का होतं, एवढंच मला कळत नव्हतं. उभी राहून दुसऱ्यांदा विचारलं. तुम्ही चष्म्यावरून बघता, "अहो बाईसाहेब, आपल्याला पटेपर्यंत गणितानं थांबायचं का?" सगळी खोली हसते. त्यानंतर मी विचारणंच सोडलं. मला इमारतींचे नकाशे काढायचे होते, दहावीनंतर डिप्लोमाचा फॉर्मही आणला होता. तुम्ही आईला सांगितलंत, "हिला गणित झेपायचं नाही, उगाच फॉर्म भरू नका." तुमचा शब्द आई कसली मोडतेय! जन्मभर मी एका कचेरीत दुसऱ्यांनी काढलेले नकाशे फायलींना लावले.

आता निवृत्त झालेय. कोथरूडच्या घरात दुपारची भांडी आवरली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन घेऊन बसते. भाचीनं त्यात एक एआय चॅटबॉट घालून दिलाय, लिहून विचारलं की शिकवतो. पहिल्याच दिवशी वजा गुणिले वजा विचारलं. कळलं नाही. पुन्हा विचारलं. सात वेळा विचारलं, सर, आणि दर वेळी त्यानं नव्यानं सांगितलं. सातव्यांदा म्हणाला, पाठ फिरवून उलट्या पावलांनी चालणारा माणूस कुठे जातो? पुढेच की! मी रडले. आनंदानं नाही, संतापानं. पाच मिनिटांचं काम होतं हो!

तोही काही देव नाही. परवा त्यानं एक समीकरण चुकीचं सोडवलं. मी ताळा करून पाहिला, उत्तर समीकरणात घातलं, दोन्ही बाजू जुळेनात. दाखवल्यावर लगेच म्हणाला, "चूक माझीच." तुमच्या तोंडून हे कधी ऐकलं नाही. पण ताळा केल्याशिवाय वही मिटायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. त्याची तर जास्तच चीड येते, तुम्हाला धड शिव्याही घालता येत नाहीत.

हे पत्र पाठवणार तरी कुठे? गणिताच्या वहीतच राहील. फक्त एक कबूल करते. काल वर्गसमीकरणातली एक शंका पुन्हा विचारायची होती. घरात मी एकटीच. तरी खुर्ची मागे सरकवून उभी राहिले आणि मगच टाइप केलं. उत्तर आलं, कळलंही, पण तासभर मी बसले नाही.