वाकळीचं वजन

३ जानेवारी १९७४, सातारा

झोप : दोन तास. तेही तुकड्यातुकड्यांनी.

नव्या वर्षापासून झोपेची नोंद ठेवायची ठरवलंय. जो येत नाही त्याचीच रोज हजेरी घ्यायची, हा मास्तरकीचा गुण. शाळेत तरी दुसरं काय करतो.

खालच्या मजल्यावर सुभेदार. घरमालक, पलटणीतून पेन्शनीत आलेला. आज जिन्यातच अडवलं. "मास्तर, डोळं असं का? घेता का काय रातीचं?" म्हटलं, घेतली असती तर झोपलो असतो. "आमी बर्फात हुभ्यानं झोपायचो. तुमी गादीवर आडवं पडून बी न्हाई? लय अवघड हाय तुमचं."

५ जानेवारी

झोप : दीड.

शिक्षकांच्या खोलीत मी आजारी असल्याचं ठरलं, त्यामुळे बाकीचे सगळे वैद्य झाले. चित्रकलेचे मास्तर : दुधात जायफळ. कसरतीचे : शवासन. मुख्याध्यापक : लिहिणं कमी करा. (सांगलीच्या साप्ताहिकातला माझा रकाना यांना झोंबतो. तो असा औषधातून बाहेर आला.)

जायफळ घेतलं. सकाळी डोकं जड, जणू कुणाच्या बारशाला दोनदा जेवून आलोय. झोप मात्र तेवढीच.

८ जानेवारी

एक तास.

आजचा उपाय : तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासणे. वाटी आहे. तूप आहे. पाय दोन आहेत. घासायला आणखी एक माणूस लागतं, हे कुणी बोललं नाही. स्वतःचा तळवा स्वतः घासायचा तर पाय कानाशी आणावा लागतो. उजवा झाला. डाव्याला कमरेत लचक भरली.

ही होती तोवर तीच घासायची, तळवा काळा पडायचा. म्हणायची, "बघा केवढी उष्णता निघाली. मला वाटायचं, सगळी जिभेतच आहे."

११ जानेवारी

सुभेदारानं आजपासून मला भरती करून घेतलंय. पहाटे पाचला शिट्टी, मग अजिंक्यतारा. "दमा, म्हंजी झोप येतीय." दमलो. दुपारी आठवी ब समोर पेंगलो. रात्री टक्क. आता झोपही नाही आणि गुडघेही नाहीत.

१४ जानेवारी, संक्रांत

झोप लिहीत नाही. शून्याला काय लिहायचं.

पोरं तिळगूळ देऊन "गोड बोला" म्हणाली आणि एकमेकांकडे बघून हसली.

तासगावहून सुनंदाचं काही नाही. एकुलती एक मुलगी. हिच्या वर्षश्राद्धाला आली होती, वाढलं, आवरलं, गेली. माझ्याशी पूर्ण वाक्य एकच : "मीठ हवंय का?" त्यालाही आता चार महिने होतील. मीही लिहिलेलं नाही. तिच्या न लिहिण्याला कारण तरी आहे. माझ्याकडे नुसती सवय.

२० जानेवारी, रविवार

लिहिण्यासारखं घडलं.

सांगलीला संपादकांकडे लेख देऊन परतीच्या एस.टी.त. इस्लामपूरला गाडी खच्चून भरली. एक म्हातारी, हातात हे एवढं गाठोडं, हळकुंडांचं. ठेवायला जागा नाही. तिनं ते सरळ माझ्या मांडीवर आदळलं. "धरा वाईच, मास्तर." मी मास्तर आहे हे म्हातारीला कसं कळलं? बहुतेक नकार दिला नाही यावरून.

पंधरा शेर तरी असेल. मांड्या बधिर. आता यावर रकान्यात काय काय लिहायचं ते जुळवत होतो, आणि पुढलं आठवत नाही. कराड आलं-गेलं, कळलं नाही. जाग आली ती उंब्रजला, म्हातारी दंडाला धरून हलवत होती. "आवं मास्तर, सोडा की माझं गठुडं! कवापास्नं वडतीया, सोडंनात तुमी!" दोन्ही हातांनी कवटाळलं होतं म्हणे. सगळी गाडी हसली.

दीड तास तरी. सलग. स्वप्नसुद्धा नाही.

२१ जानेवारी

धोतर पिवळं, सदरा पिवळा, हनुवटी पिवळी. सुभेदार दारातच : "आं? हळद लागली का काय! आमाला आवतान न्हाई, मास्तर?" पन्नाशीला टेकलेल्या विधुराला हा विनोद पुरे.

पण सकाळी गडावर मी त्याच्या पुढे. अंग हलकं. आठवी बला वृत्तं शिकवली ती हातवारे करून. मुख्याध्यापक दारातून दोनदा डोकावून गेले. त्यांना संशय, मी कसलं तरी औषध घेतोय. घेतलं होतं खरं. उंब्रजला उतरून गेलं.

२३ जानेवारी

वजन! जायफळ नाही, तूप नाही, गड नाही. अंगावर वजन पाहिजे.

प्रयोग. सोलापुरी चादरीवर साप्ताहिकाचे सहा वर्षांचे अंक, वर दोन शब्दकोश, वर सहामाहीचे पेपर. हलायचं नाही. पहिल्या श्वासाला आठवी ब खाली आली, तिसऱ्याला शब्दकोश पायाच्या अंगठ्यावर. माझं स्वतःचं सहा वर्षांचं लिखाण छातीवर ठेवून पाहिलं. काही वजन नाही.

२४ जानेवारी

शाळेत फळा पुसताना एकदम आठवलं. वाकळ.

हिच्या माहेरची. हिच्या आईची तीन लुगडी, हिची चार, माझं एक धोतर. आठ पदरी. दर दोनतीन वर्षांनी ही त्यात एक पदर वाढवायची, वाकळीची मोठी सुई घेऊन, पाय पसरून. थंडीत अंगावर घेतली की कूस बदलायलासुद्धा ताकद लागायची. मी म्हणायचो, हे पांघरूण नाही, सासुरवाडीचा दाब आहे. आणि तेवीस वर्षं तिच्याखाली मेल्यासारखा झोपलो.

इतके दिवस वाटत होतं, साताऱ्याचं पाणी बाधलं. सांगलीहून झालेली बदली बाधली. म्हणजे बाकी काय काय बाधलं होतं ते मोजायला नको म्हणून.

वाकळ मीच दिली. हिच्या तेराव्याला, सांगलीत. बहीण हटून बसली, शय्यादान झालंच पाहिजे. गुरुजींनी यादी दिली : खाट, गादी, उशी, पांघरूण, छत्री, वहाणा. सगळं नवं आणलं, पांघरूण राहिलं. परत बाजारात कोण जाणार, म्हणून खुंटीजवळची वाकळ उचलली आणि घडी करून गादीवर ठेवली. सुनंदा बघत होती.

आणि त्याच आठवड्यात मी त्यावर रकाना लिहिला. 'स्वर्गातली खाट'. स्वर्गात छत्री कशाला, तिथे पाऊस वरून पडतो की खालून, वगैरे. लोक हसले. संपादकांनी पाठ थोपटली. सुनंदानं अंक माझ्यासमोर ठेवला आणि एवढंच म्हणाली, "अण्णा, आईचं तेरावं तुम्ही छापायला दिलंत."

२७ जानेवारी

दान दिलेली वस्तू परत मागावी का? धर्मात बसत नाही. माझा धर्माशी संबंध नाही. पण मग मागायला पाय का उचलत नाहीत?

झोप : दोन.

३ फेब्रुवारी, सांगली

गेलो. गुरुजी ओट्यावर सुपारी कातरत होते. मला पाहून उठलेसुद्धा नाहीत. "या, या, स्वर्गातली खाट!"

मी बसलो.

"तुमचा लेख दोनदा वाचला. छत्रीचा विनोद बरा होता. खाटेचा नाही जमला."

म्हटलं, गुरुजी, एक लाजिरवाणी गोष्ट मागायला आलोय. ते पांघरूण. वाकळ. कुणाला दिली असेल तर निदान कुठे आहे ते सांगा.

अडकित्ता थांबला. "तुम्हाला ठाऊक नाही?"

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी सुनंदा त्यांच्याकडे आली होती. रडली नाही, बसली नाही. नवीकोरी चादर पुढे ठेवली आणि म्हणाली, वाकळ बदलून द्या. गुरुजी म्हणाले, पोरी, दान बदलता येत नाही, शास्त्रात नाही. ती म्हणाली, "शास्त्रात वाकळ तरी कुठे आहे, गुरुजी?"

"मी दिली हो. काय करणार! जीभ बापावर गेलीय पोरीची." मग सुपारी तोंडात टाकून, "डोक्यावर घेऊन गेली. एस.टी. स्टँडपर्यंत. हमाल करू म्हटलं तर नको म्हणाली."

चहा दिला त्यांनी. आधण फार उकळलं होतं. सगळा प्यालो.

४ फेब्रुवारी, सातारा

म्हणजे सव्वा वर्ष वाकळ तासगावात आहे. मी जे आळसानं दिलं ते मुलीनं भांडून परत आणलं आणि मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्यावरही लिहिलं असतं. तिला माहीत आहे.

सुभेदाराला थोडंसं सांगितलं. त्यानं मिशी ओढली. "मास्तर, पोरीच्या दारात जायाला काय परेडचा हुकूम लागतुया व्हय?"

११ फेब्रुवारी

काल तासगाव. लिहून ठेवतो, क्रमानं, नाहीतर सजवीन.

पोहोचलो बारा वाजता. जावई कामावर. सुनंदानं दार उघडलं, मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "या."

"जेवणार?" "जेवतो." दोडक्याची भाजी. हिच्यासारखीच, दाण्याचं कूट जास्त. बोललो नाही. काही बोललो की त्याला टोक निघतं.

हात धुताना मागून म्हणाली, "चेहरा काय झालाय."

"झोप लागत नाही हल्ली."

एवढंच. वाकळीचं नाव काढलं नाही. बसमध्ये चार प्रकारे वाक्य बसवलं होतं, चारही खिशात राहिली.

ती आत गेली. परत येऊन बाहेरच्या सोप्यात सतरंजी टाकली. "पडा जरा. साडेपाचला गाडी आहे." मी भिंतीकडे तोंड करून पडलो. आतल्या खोलीत ट्रंक ओढल्याचा आवाज आला. की वाटला. पुढचं माहीत नाही.

उठलो तेव्हा पाच वाजत आले होते. चार तास! अंगावर काहीच नव्हतं. पण पाठीला घाम, आणि सोप्यात डांबराच्या गोळ्यांचा वास. सुनंदा उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. "केवढं घोरता, अण्णा." मी म्हटलं, "हो का." तिनं खडा काढून अंगणात टाकला.

निघताना ती पुन्हा या म्हणाली नाही. येऊ नका असंही म्हणाली नाही. फाटकाची कडी मात्र तिनंच काढून धरली.

स्टँडसमोर न्हाव्याचं दुकान. आरशात सहज पाहिलं. डाव्या गालावर बारक्या तिरप्या रेघा, ओळीनं. दंडावरही. टाक्यांचे वळ. हिचा टाका असाच, जरा तिरपा. न्हावी म्हणाला, "दाढी का?" म्हटलं, नको, आज गालाला हात लावू नका.

इस्लामपूरला पुन्हा चाचपून पाहिलं. गाल सपाट.

काल रात्रीची झोप : शून्य. तरी आज पहाटे शिट्टीच्या आधी मी जिन्यात उभा. सुभेदार बघतच राहिला.

संपादकांना कार्ड टाकलं, या आठवड्यात रकाना नाही. हे छापायचं नाही. कधीच नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार

पोस्टकार्ड. तासगावचा शिक्का. नमस्कार नाही, चमत्कार नाही. एक ओळ.

'वाकळ एका कडेला उसवली आहे. आईची मोठी सुई तुमच्याकडे राहिली आहे का?'

शाळेतून येऊन सगळं घर उपसलं. हिचा सुपारीचा डबा मी सांगलीहून आणला होता, उघडला कधीच नव्हता. त्यात बटणं, कानातला एक तुटका काप, आणि सुई. ओवलेला दोरा अजून तसाच. लांडा, वीतभर.

सुभेदार म्हणाला, "एवढंच ना? कागदात गुंडाळा आन् टपालानं धाडा. जातीय."

पोस्ट पाचपर्यंत उघडं होतं. सुई टपालानं जाते का, हे विचारायला मी गेलो नाही. जाते, म्हणाले असते.