रिबिनीची गाठ

१० नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा तेच! मी कंगवा हातात घेतला की पोरगी पळाली. थेट मेंढरांच्या वाघुरीपाशी, जाळीला धरून उभी. मी इकडून हाका मारतेय, ती तिकडून मान हलवतेय. शेवटी केस तसेच मोकळे सोडून शाळेत गेली. दुसरीतली पोर, कमरेपर्यंत केस, आणि शाळेचा नियम काय, तर दोन वेण्या, लाल रिबीन.

आत्यांचा हात मोडला नसता तर हे उघड्यावर आलंच नसतं. मे महिन्यात लग्न होऊन मी या घरात आले. तेव्हापासून समृद्धीच्या वेण्या आत्याच, म्हणजे माझी सासूच घालत होती. मला वाटायचं, आजीची सवय आहे. आता आत्या शेणावरून घसरल्या, मनगटाला प्लास्टर, आणि कळलं की सवयबिवय काही नाही. पोरीला माझा हातच नकोय डोक्याला.

माझ्या हातचं जेवण चालतं. अभ्यास चालतो. मी शिवलेला फ्रॉक चालतो. वेणी नाही!

१३ नोव्हेंबर

शाळेत मोहिनी मॅडमनी सगळ्या बायकांसमोर सांगितलं — केस बांधून पाठवत जा, वर्गात उवा झाल्यात. शेजारची सारजाबाई लगेच म्हणाली, "आता सावत्र म्हणल्यावर काय!" माझ्या तोंडावर! मी म्हटलं, "मावशी, आधी तुमच्या नातीच्या उवा बघा."

घरी येऊन मशीनवर बसले आणि रडले. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उलटी लागली ती लागलीच.

१६ नोव्हेंबर, रविवार

बिबट्या परत दिसला, पारगावच्या रस्त्याला, उसाच्या कडेला. म्हणजे आता दिवस मावळायच्या आत सगळे घरात. घरात म्हणजे टीव्हीपुढं. आणि टीव्हीवर ते एकच कार्टून!

पेनड्राइव्ह आशाचा. समृद्धीची आई मंचरला कॉम्प्युटर क्लासमध्ये कामाला होती, तिथं कुणीतरी तिला भरून दिलेला. तिला जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. पिक्चर जुनाट आहे, हातानं काढलेला. रंग उडालेत, आवाज खरखरतो. भाषा कुठली तेही कळत नाही, इंग्लिश नाही एवढं नक्की. एक पोरगी, डोंगर, मेंढरं, आणि काळी उंच टोपी घातलेली एक बाई. ती पोरीला रिबीन बांधते. म्हणून घरात त्याचं नावच 'रिबिनीवाली'. मी काही सलग बघितलेला नाही. तो लागतो तेव्हा मी भाकरीपाशी.

समृद्धी किती वेळा बघते, देव जाणे. एकवेळ तिचं समजू शकते, पोर आहे. पण आत्या? आत्यांना पिक्चर नको, मालिका नको, हे मात्र डोळ्याची पापणी न हलवता बघतात. मेंढरांसाठी!

"ज्यानं काढलंय ना, त्यानं मेंढरं राखल्याली असनार," आज म्हणाल्या. "बघ की, ऊन लागलं की कशी एकमेकीच्या सावलीत मुंडकी घालून चालत्यात. न राखता हे कळायचं न्हाई."

ऋतिक, माझा धाकटा दीर, नारायणगावला कॉलेजात. तो म्हणाला, "वैनी, ह्याला काय ग्राफिक्स म्हनत्यात का? थांबा, मी भारीतलं आणतो."

१९ नोव्हेंबर

भारीतलं आणलं. काय ते रंग! ससा होता त्यात, त्याच्या अंगावरचा केस न् केस दिसत होता. समृद्धीनं ताटात आमटी होती तोवर बघितलं, मग उठून कोकरांकडं गेली. आत्या म्हणाल्या, "लई बोलत्यात बया सगळे. दम खाईनात." ऋतिक एकटाच बघत होता, तोही हातातल्या मोबाइलमध्ये.

मग पुन्हा रिबिनीवाली. ऋतिक निघालेला, दारातच थांबला. एका खांद्याला बॅग, तसाच. शेवटपर्यंत! मी म्हटलं, "काय भाऊजी, ग्राफिक्स आवडलं?" तर म्हणतो, "न्हाई हो, चार्जिंग व्हायची वाट बघतोय."

चार्जर बोर्डाला लावलेलाच नव्हता.

२४ नोव्हेंबर

समृद्धीला ताप. कालपासून उतरेना म्हणून सकाळी मंचरला दवाखान्यात नेऊन आणली. हे टोमॅटोची गाडी घेऊन नारायणगावला गेलेले, येताना डाळिंबं आणून परत गाडी भरायला गेले. आत्याही वावरात. मी एकेक दाणा तिच्या तोंडात घालत बसले. रस सांडला पांढऱ्या चादरीवर, आणि मला मेलीला रक्तच वाटलं! केवढ्यानं ओरडले. ती तापातसुद्धा हसली, डोळे मिटूनच.

मग म्हणाली, "आई."

मी 'ओ' दिली. माझं चुकलं का? तिनं कुणाला हाक मारली ते मला चांगलं माहीत होतं. पण घरात दुसरं होतं कोण? ती कुशीवर वळली. झोपली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ताप गेला. अशक्तपणा आहे, म्हणून अंथरुणातच रिबिनीवाली लावून दिली आणि भाकरी टाकायचं सोडून मीही शेजारी बसले. पहिल्यांदा सलग बघितला. खरं सांगू? जुनाट आहे, पण नजर हलत नाही. पोरगी रडते तेव्हा तिचं नाक थोडं पुसट होतं, कुणीतरी रबरानं खोडल्यासारखं. ते नव्या ससोबाला जमलेलं नाही.

ती टोपीवाली बाई रोज सकाळी पोरीला लाल रिबीन बांधते. गाठ मारते. तेवढ्यात समृद्धीनं स्वतःचे केस दोन्ही हातांनी धरले. घट्ट! मी विचारलं, "काय गं?"

"ती सावत्र आई आहे. तिनं गाठ मारली की पोरगी आईची एक गोष्ट विसरते. रोज एक. मग सगळीच विसरते."

"तुला कुठं कळते त्यांची भाषा?"

"आईनं सांगितलंय."

म्हणजे सहा महिने ही पोर डोकं जपत होती. माझ्यापासून!

३ डिसेंबर

ऋतिकला भरीला घातलं, हा पिक्चर नेटवर शोध, कळेल अशा भाषेत. दोन दिवस शिव्या घालत शोधला. सापडला! खाली हिंदीत लिहून येतंय. स्वयंपाकघरात त्याच्या मोबाइलवर दोघांनी बघितला.

ती बाई सावत्र आहे, हे खरं. पण वाईट नाही. पोरीला दूर जायचंय, लांब, डोंगरापलीकडं. आणि बाई गाठ मारताना म्हणते, तुझ्या आईची एकेक गोष्ट या गाठीत बांधून देते, वाटेत सांडू नये म्हणून.

उलटंच! सगळं उलटं!

मी तशीच धावले समृद्धीला सांगायला. उंबऱ्यात पाय अडला. 'आईनं सांगितलंय.' आता मी जाऊन काय सांगू? तुझी आई खोटं बोलली? ऋतिकला म्हटलं, भाऊजी, तोंड बंद ठेवायचं. तो म्हणाला, "ठेवतो. पण वैनी, वैनीनं असं का केलं असंल?" दोघींनाही वैनीच म्हणतो तो. मला राग आला. त्याचा नाही, आशाचा. भिंतीवरच्या फोटोकडं बघून म्हटलं, बाई, मी तुझं काय घोडं मारलं होतं?

५ डिसेंबर

आत्यांना सगळं सांगितलं. प्लास्टरच्या आत खाज सुटलेली, तिथं सुई घालून खाजवत बसल्या. मग हळूच —

"आशा अंथरुणाला व्हती ना, तवा पावणं येऊन बसायचं. माझ्या भैरूचं पुढं कसं, पोरीचं कसं. तिच्या उशाला बसून स्थळं काढली बायांनी. मीबी व्हते त्यात. आमाला वाटलं, झोपलीय."

"जागी होती?"

"डोळ्यातनं पानी गळत व्हतं."

माझा राग गेला. कुठं गेला कुणास ठाऊक, पण गेला. मी ते स्थळ! माझं नाव-गाव कळायच्या आधीपासून ती मला घाबरत होती.

आत्या म्हणाल्या, "पोरकं कोकरू दुसरीच्या अंगाला लावायचं म्हनलं तर मेंढी लाथा झाडती. तिला बांधून ठिवावं लागतं. इथं मेंढी मुकाट उभी हाय आन कोकरूच बिथरलंय. त्याला गं कसं बांधू?"

८ डिसेंबर, सोमवार

आज धाडस केलं. कंगवा बाजूला ठेवला, रिबीन तिच्याच हातात दिली.

"गाठ मारायच्या आधी तू मला आईची एक गोष्ट सांगायची. ती मी ठेवते. तू विसरलीस तर माझ्याकडं मागायची."

बराच वेळ रिबीन बोटाला गुंडाळत बसली. "मागितली की देशील?"

"देईन."

"पप्पांना नाही सांगायची?"

"नाही."

"आई भात कालवला की आधी स्वतःचं बोट चाटायची. मग मला भरवायची."

मी वेण्या घातल्या. किती मऊ केस आहेत! गाठ मारताना तिनं डोळे गच्च मिटले. उघडले, आणि ओठातल्या ओठात पुटपुटली. भात, बोट. आठवतंय याची खात्री करून घेतली आणि मगच दप्तर उचललं.

संध्याकाळी माझी परीक्षा. "सांग बरं, आई भाताचं काय करायची?" सांगितलं. पास झाले!

१२ डिसेंबर

आई चिंच मिठात बुडवून खायची आणि एक डोळा मिटायची.

१९ डिसेंबर

आईला पालीची भीती. पलंगावर चढून पप्पांना हाका मारायची. (यांना विचारायचा मोह झाला. विचारलं नाही. शब्द दिलाय.)

२६ डिसेंबर

आत्यांचं प्लास्टर निघालं. मला धाकधूक, आता पोरगी परत आजीकडं जाईल. आत्यांनी कंगव्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "हात लई दुखतोय बया, माझ्यानं व्हायचं न्हाई." आणि त्याच हातानं मेंढी खाली पाडून तिचा खूर साफ केला!

२५ जानेवारी, रविवार

रिबिनीवालीची कीर्ती गल्लीत गेली. आज सारजाबाई नातीला घेऊन आली, मागोमाग आणखी चार-पाच पोरं. दोघी म्हाताऱ्या खाटेवर, पोरं खाली, ऋतिक दारात. दारातच उभा राहतो, म्हणजे बघत नाहीये असं दाखवता येतं. मला वाटलं होतं आजकालची पोरं, मोबाइलवर बोट फिरवणारी, उठून जातील. एक नाही उठलं. सारजाबाईची नात तर मेंढरांबरोबर मान हलवत होती.

संपल्यावर वाद! सारजाबाई म्हणते, टोपीवाली चेटकीण आहे. एक पोरगा म्हणतो, ती पोलीस आहे. ऋतिकला खरं माहीत आहे, पण बिचारा गप्प राहिला. समृद्धी म्हणाली, "सावत्र आई आहे," आणि माझ्याकडं न बघता जरा माझ्या बाजूला सरकली.

आत्या कडाडल्या, "त्या बाईला कशाला बोलता समदे? पोरीचा बाप कुठं हाय? आख्ख्या पिच्चरात दिसला का कुनाला?"

हे तिथंच बसलेले. मान खाली घालून नख कुरतडत. मला लई हसू आलं, पदर तोंडात घातला.

१७ फेब्रुवारी

आज परत चिंच. तिसऱ्यांदा. मी म्हटलं, "ही दिलीस की मला." तिचं तोंड उतरलं. "दुसरी येत नाहीये." मी म्हटलं, असू दे, तीच पुन्हा बांधू, जास्त घट्ट होईल.

पोर पाच वर्षांची होती, आशा गेली तेव्हा. तेवढ्याशा डोक्यात मावून मावून किती मावणार?

२६ फेब्रुवारी

भात. मग पाल. मग गप्प. मी काही न विचारता गाठ मारली.

९ मार्च, सोमवार

आज नवी गोष्ट! कंगवा घ्यायच्या आधीच, स्वतःहून, उड्या मारत.

"मला ताप आला होता ना, तेव्हा आई मला डाळिंबाचा एकेक दाणा भरवत होती. चादरीवर रस सांडला तर तिला रक्तच वाटलं! केवढ्यानं ओरडली! मला हसूच आलं."

आरशातनं माझ्याकडं बघत होती, खुशीत. "ही नीट ठेव. ही सगळ्यात चांगली आहे."

सांगणार होते, अगं ती मी. तोंडापर्यंत आलं होतं. एवढा आनंद झाला. पण फोटोकडं बघायची हिंमत होईना. गाठीचं आशानं सांगितलेलंच खरं निघालं.

"मार ना गाठ. घंटा होईल."

मारली.