दुकान धाकटीलाच

मी, वय वर्षे एकाहत्तर, शिलाई मशीन दुरुस्त करणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. शहाऐंशीला माझं गाडं अडलं. पण त्यांच्या पंख्याचं बेअरिंग जाणार, हे मी नुसत्या आवाजावरून सांगितलं आणि पंखा माझ्यादेखत बंद पडला. मग त्यांनी निमूट सही केली.

१. राहतं घर थोरल्याला. आकडे त्याच्या डोक्यात आपोआप जागेवर बसतात. एक स्क्रू त्याला धड पिळता येत नाही, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२. दिरांना माझी आरामखुर्ची. तणतणत आलेलं गिऱ्हाईक त्यांच्याशी दोन शब्द बोलून हसत परत जायचं, ही त्यांची हुशारी मी मानते. मला मात्र ते चारचौघांत तोंडाळ म्हणाले, हेही विसरलेले नाही. खुर्चीचा एक पाय डगमगतो. तो दुरुस्त न करता द्यावी.

३. दुकान आणि सगळी हत्यारं धाकटीला. ती शाळेत तीनदा नापास झाली. शिक्षा म्हणून मी तिला तेलाने काळे पडलेले, एकात एक मिसळलेले स्क्रू निवडायला बसवलं. ती एकेक स्क्रू फरशीवर टाकत होती. खेळतेय समजून मी तिच्या थोबाडीत मारली, मठ्ठ म्हटलं. नंतर डबे बघितले, तर पितळी एकात, पोलादी दुसऱ्यात, एकही चूक नाही. पोरगी आवाजावरून ओळखत होती. आणि आवाजावरच पोट भरणाऱ्या मला ते कळलं नाही. तेव्हा माफी मागायची लाज वाटली, आणि 'मठ्ठ' घरात राहिलं ते राहिलंच. आज ती चाळिशीची, माझ्याहून चांगली कारागीर आहे, तरी गिऱ्हाइकाला म्हणते, "थांबा हं, आईला विचारते." बाळा, चूक माझी होती. मला माफ कर.

४. धाकटीला दुकान नको असेल, तर तिने खुशाल विकावं. तो तिचा हक्क आहे. पण 'मला जमणार नाही' असं ती म्हणाली, तर ते कारण कुणीही ऐकून घेऊ नये.

सही : दोघांची आई
साक्षीदार : १. शेजारचे चष्मेवाले २. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई
(दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली.)
ठिकाण : दुकानाची मागची खोली
दिनांक : ९ मार्च २०२५, रविवार